ओस खाणी, भूगर्भातील आग आणि नोंदीचा प्रश्न

धाराशिव जिल्ह्यात दगडी कोळशाची खाण नाही, आणि ती असण्याचा संभवही फारसा नाही. अशा जिल्ह्यातील भाषेच्या अभ्यासकाने कोळशाच्या खाणीतील आगीविषयी लिहावे, याचे वाचकांस प्रथमदर्शनी आश्चर्य वाटेल. परंतु हा विषय केवळ भूगर्भशास्त्राचा व खाणविद्येचा नाही. माणसाने जमिनीखाली काय खणले, ते कोठपर्यंत खणले, आणि सोडून जाताना त्याची नोंद कशी ठेवली, हा या विषयाचा अर्धा भाग होय. आणि नोंद म्हटली की तेथे लिपी, भाषा, परिभाषा आणि स्मृती यांचा प्रश्न उपस्थित होतोच. प्रस्तुत लेखात प्रथम भूगर्भातील आगीचे कारण व स्वरूप सांगून, नंतर ओस खाणींचा इतिहास थोडक्यात द्यावयाचा आणि शेवटी नोंदीच्या प्रश्नाकडे वळावयाचे, असा क्रम ठेवला आहे.

कोळसा कोठे आहे व कोठे नाही

महाराष्ट्रातील दगडी कोळसा गोंडवन खडकांत सापडतो. गोंडांच्या प्रदेशावरून पडलेले हे नाव भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातील हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये योजले व पुढे ते जगभर रूढ झाले. याच खडकसमूहातील एका थराला नागपूरजवळच्या कामठी गावाचे नाव आहे. हे खडक सर्वत्र पसरलेले नाहीत. प्राचीन काळी जमीन खचून जी लांबट, अरुंद खोरी तयार झाली, त्यांत ते साठले व टिकले. वर्धा खोरे हे त्यांपैकी एक. वायव्येकडून आग्नेयीकडे जाणारे हे खोरे पुढे गोदावरीच्या खोऱ्याला मिळते. वरोरा, माजरी, वणी, घुग्घूस, चंद्रपूर, बल्लारपूर व राजुरा हा सर्व टापू या पट्ट्यात येतो.

धाराशिव जिल्हा याच्या बाहेर आहे. येथील भूमी दक्षिणेच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे थरावर थर साचलेल्या लाव्हाची आहे. या लाव्हाखाली काय आहे, हे जाणण्याचा प्रसंग दुर्दैवाने एका आपत्तीमुळे आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी व सास्तूर परिसरात भूकंप झाला. किल्लारी आज लातूर जिल्ह्यात असली, तरी १९८२ पर्यंत ती या जिल्ह्यातच होती. सास्तूर तर आजही येथलेच. भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोलीचे एक वेधनछिद्र घेण्यात आले. त्यात ३३८ मीटरपर्यंत लाव्हाचे थर, त्याखाली अवघे ८ मीटर गाळाचे खडक, आणि त्यानंतर थेट अतिप्राचीन स्फटिकी पाषाण आढळला. गोंडवन खडकांचा थर मध्ये नव्हता. एका छिद्रावरून सर्व जिल्ह्याविषयी निर्णय देणे युक्त नव्हे. तथापि कोळसा का नाही, याचे उत्तर कोणत्या दिशेने शोधावयाचे ते यावरून कळते.

असे असले तरी कोळशाशी आपला संबंध अगदीच नाही, असे नव्हे. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात येलंदू येथे डॉ. विल्यम किंग यांना १८७१ मध्ये कोळसा आढळला. १८८६ मध्ये हैदराबाद डेक्कन कंपनीकडे खाणकामाचे हक्क गेले, आणि १९२० पासून सिंगरेणी कोलियरीज कंपनी हे नाव प्रचारात आले. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुकाही तेव्हा त्याच संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. एकाच दरबाराच्या कारभारात एका टोकाला आमची जिरायती शेती व दुसऱ्या टोकाला कोळशाच्या खाणी होत्या. हा मुद्दा पुढे नोंदीच्या संदर्भात उपयोगी पडेल.

कोळसा आपोआप कसा पेटतो

खाणीत आग लागते म्हणजे कोणी तरी काडी ओढली असावी, अशी सामान्य समजूत असते. काही आगी बाहेरून लागतात हे खरे. सोडलेल्या खाणीच्या तोंडाशी कचरा जाळल्यामुळे, उघड्या थरावर चूल पेटविल्यामुळे किंवा विजेच्या तारेतील दोषामुळे आग आत शिरल्याची उदाहरणे आहेत. परंतु पुष्कळ आगी कोळशातच जन्म पावतात.

याचे कारण असे. नुकताच उघडा पडलेला कोळसा साध्या उष्णतेतही हवेतील ऑक्सिजन शोषून घेतो आणि या क्रियेत थोडी थोडी उष्णता निर्माण होते. वारा खेळता असला तर ती वाहून जाते व काहीही घडत नाही. वारा अगदीच बंद असला तर ऑक्सिजनच मिळत नाही, म्हणून क्रिया थांबते. संकट या दोहोंच्या मधल्या अवस्थेत असते: हवा इतकी की क्रिया चालू राहावी, आणि इतकी थोडी की उष्णता वाहून जाऊ नये. तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की क्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे प्रारंभीचे आठवडे शांततेत जातात आणि शेवटच्या काही दिवसांत परिस्थिती हाताबाहेर जाते.

आपल्या शेतकऱ्यास हे तत्त्व अपरिचित नाही. ओला कडबा घाईने रचला तर गंजी आतून तापते. उकिरडा उकरला तर हिवाळ्याच्या सकाळी त्यातून वाफा निघतात. तेथे आरंभीची उष्णता सूक्ष्म जीवांपासून येते, कोळशात ती ऑक्सिडीकरणापासून येते, एवढा भेद आहे. परंतु साठलेली उष्णता बाहेर पडू न शकणे, हे मूळ कारण दोन्हीकडे सारखेच होय.

सर्व कोळसा सारख्याच तत्परतेने तापत नाही. ज्यात ओलावा व ऑक्सिजन अधिक, तो लवकर तापतो. भारतात यासाठी ‘छेदन-तापमान’ काढण्याची एक चाचणी रूढ आहे. भट्टीबरोबर कोळशाचा नमुना तापवीत नेला असता ज्या बिंदूला कोळशाचे तापमान भट्टीच्या तापमानाच्या पुढे जाते, तो छेदनबिंदू होय. तो १२० ते १४० अंशांच्या दरम्यान आला तर कोळसा फार धोक्याचा, १४० ते १६० मध्ये आला तर मध्यम, आणि १६० च्या पुढे गेला तर तुलनेने सुरक्षित मानतात. वर्धा खोऱ्यातील कोळशात ओलावा बराच असतो व तो आपोआप तापण्याकडे झुकणारा आहे.

आगीची चाहूल ज्वालेच्या पुष्कळ आधी लागते. प्रथम छताला व भिंतींना घाम फुटल्यासारखे थेंब येतात, हवेत धूसरता येते, मग एक विशिष्ट तेलकट वास येऊ लागतो. परंतु इंद्रियांवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, कारण या आगीचा घातक वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, यास रंग नाही व गंधही नाही. म्हणून हवेचे पृथक्करण करतात. खाणीत जितका ऑक्सिजन कमी झाला, त्याच्या किती टक्के कार्बन मोनॉक्साइड निर्माण झाला, हे प्रमाण त्यातून काढावयाचे. यास ग्रॅहॅमचे प्रमाण म्हणतात. बाहेरची ताजी हवा मिसळली तरी हे प्रमाण फारसे बदलत नाही, हा त्याचा विशेष. सामान्यतः ते अर्ध्याच्या आत असते. एकच्या पुढे गेले तर चौकशी करावयाची, दोनच्या पुढे गेले तर कोळसा गंभीरपणे तापला आहे असे समजावयाचे, आणि तीनच्या पुढे गेले तर आग लागली आहे असेच धरून चालावयाचे.

विझणे आणि निवणे

येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे असे एक स्थळ आहे. अग्नीच्या अवस्था सांगण्यासाठी मराठीत तापणे, वाफाळणे, धुमसणे, पेटणे, भडकणे, विझणे व निवणे अशी क्रियापदांची एक मालिकाच आहे. त्यांतील शेवटच्या दोहोंमधील भेद विशेष लक्षणीय होय. ज्वाला गेली की आग ‘विझली’. उष्णता गेली की ती ‘निवली’. चुलीतील जाळ विझतो, पण राख निवायला रात्र जावी लागते. सकाळी राखेतला निखारा फुंकून नवा जाळ करणाऱ्या गृहिणीस हा भेद शब्दकोशात पाहावा लागत नव्हता.

खाणीतील आगीचे सारे शास्त्र या भेदात सामावले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पेटलेला भाग पक्क्या भिंती बांधून कोंडला, म्हणजे आतील ऑक्सिजन घटत जातो. तो सुमारे १२ टक्क्यांच्या खाली गेला की ज्वाला राहत नाही. परंतु धुमसणे २-३ टक्के ऑक्सिजनवरही चालू राहू शकते. तेही थांबले तरी सभोवतालचा खडक व कोळसा तापलेलाच असतो, कारण दोन्ही उष्णतेचे मंदवाहक आहेत. अशा वेळी ‘आग विझली’ असे मानून भिंत फोडली, तर आत शिरलेल्या हवेबरोबर ती पुन्हा उठते. आग विझण्यास आठवडे लागतात. निवण्यास महिने, क्वचित वर्षे लागतात.

याचे दुसरे घरगुती उदाहरण लोणाऱ्याच्या भट्टीचे आहे. मराठीत नुसता ‘कोळसा’ म्हणजे मूळचा लाकडाचा कोळसा. खाणीतील पदार्थ नंतर परिचयाचा झाला, म्हणून त्यास ‘दगडी’ हे विशेषण लावावे लागले. लाकडे रचून, माती लिंपून, हवा मोजकीच आत सोडून लोणारी लाकूड धुमसत ठेवतो. लिंपण कोठे तडकले तर तेथून ज्वाला निघते व माल राख होतो, म्हणून तो रात्रंदिवस जागता राहून भेगा बुजवितो. जळणारी ओस खाण ही राखणदार नसलेली लोणाऱ्याची भट्टी होय. वरची जमीन हेच तिचे लिंपण, आणि त्या जमिनीला भेगा पडत असतात.

ओस खाण तयार कशी होते

भारतात भूमिगत खाणकाम बहुतांशी खांब व बोळ या पद्धतीने झाले. कोळशाच्या थरात उभे-आडवे बोळ काढावयाचे व मध्ये छत तोलण्यासाठी कोळशाचेच चौकोनी खांब ठेवावयाचे. पुढे तेही खांब क्रमाक्रमाने काढून छत कोसळू द्यावयाचे. अशा कोसळलेल्या पोकळ भागास कामगार ‘गोफ’ म्हणतात. तो इंग्रजी खाणकामगारांच्या बोलीतून आलेला शब्द आहे, आपल्या विणलेल्या गोफाशी त्याचा काही संबंध नाही. गोफात वाळू भरली तर छत टेकते व हवा शिरत नाही. वाळू भरण्यास उत्तेजन देण्यासाठी १९३९ मध्ये आणि पुन्हा १९५२ मध्ये कायदे झाले. परंतु वाळूला पैसा लागतो, आणि काढलेल्या कोळशालाच किंमत येते. न पडलेल्या छताला बाजारात किंमत नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी अर्धवट खांब व मोकळे बोळ तसेच मागे राहिले.

काळाच्या ओघात हे खांब दबतात, त्यांच्या कडा चुरतात. चुरलेल्या कोळशाचे पृष्ठफळ वाढते, तो अधिक ऑक्सिजन शोषतो. वरचे आवरण पातळ असले तर भेगा थेट जमिनीपर्यंत पोचतात. बाहेरील हवेचा दाब दिवसभरात कमी-अधिक होतो, तसतशी या भेगांतून हवा आत-बाहेर होते. ओस खाण जणू श्वासोच्छ्वास करते. मधल्या अवस्थेतील ती घातक हवा अशा रीतीने आयतीच मिळते.

झरियाचे उदाहरण यात प्रमुख आहे. तेथील भौरा येथे १९१६ मध्ये आग प्रथम आढळली. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सुमारे ७० आगी व १७.३२ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यांच्या व्याप्तीत असल्याची नोंद आहे. २००९ मध्ये केंद्र सरकारने झरिया व राणीगंज यांसाठी एक बृहत् आराखडा मंजूर केला. त्यात आग विझविण्याइतकेच महत्त्व लोकांच्या पुनर्वसनास द्यावे लागले. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात सेंट्रेलिया या गावी १९६२ मध्ये जुन्या खाणीच्या खड्ड्यातील कचऱ्याला आग लागली व ती खालच्या थरात उतरली. ती अद्याप जळत आहे. १९८३ मध्ये तेथील काँग्रेसने गाव हलविण्यासाठी ४ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले, आणि हजाराच्या वर वस्तीचे ते गाव जवळजवळ नाहीसे झाले.

महाराष्ट्रातील इतिहास वरोऱ्यापासून सुरू होतो. तेथील सरकारी खाण १८७० च्या दशकात कामास लागली व १९०६ मध्ये बंद झाली. त्याच सुमारास बल्लारपूरची खाण पुढे आली. मग घुग्घूस, राजूर, माजरी व चंद्रपूर शहराच्या कडेच्या खाणी. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत यांतील बहुतेक खाणी खासगी मालकीच्या होत्या. त्यानंतर त्या नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कारभारात आल्या. मालक बदलले, खाणीची नावे बदलली, कामगारांच्या वसाहतींची गावे झाली, गावांची शहरे झाली. जमिनीखालचे बोळ मात्र होते तेथेच राहिले.

ते तेथे आहेत याची आठवण अधूनमधून होते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूस येथील अमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत खोल गेले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आसपासच्या कुटुंबांस तातडीने हलवावे लागले. त्या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. येथे आग नव्हती, जमीन खचली एवढेच. परंतु जेथून जमीन खचते तेथूनच हवा आत जाते, हे वर सांगितलेच आहे.

अग्नीनंतर पाणी

जळणाऱ्या खाणीवर एक स्वाभाविक उपाय म्हणजे तीत पाणी भरणे. इतर ओस खाणींतही पंप थांबले की पाणी आपोआप साठते. पाण्यात बुडालेला कोळसा तापत नाही, म्हणून आगीच्या दृष्टीने हे इष्ट होय. परंतु शेजारी किंवा खाली नवे काम चालू असेल, तर तेच पाणी टांगलेल्या तलवारीसारखे होते. एका संकटाचा उपाय हाच दुसऱ्या संकटाचा आरंभ ठरतो.

१० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील परासियाजवळ न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ कामगार मृत्यू पावले. हा भाग तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. पाणी आले ते जुन्या, सोडून दिलेल्या कामांतून. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे ३७५ कामगार बुडाले. वरच्या बाजूस जुन्या कामांत साठलेले पाणी खाली आले. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत ७१ कामगार अडकले. अभियंते जसवंतसिंग गिल यांनी वरून छिद्र पाडून पोलादी कुपी आत सोडली व ६५ जणांस वर काढले, ६ जण मात्र वाचू शकले नाहीत. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी येथे २९ कामगार गेले. देश, काळ व मालक भिन्न असले तरी वृत्तान्त एकच: नवे काम नकळत जुन्या कामाला जाऊन भिडले.

‘नकळत’ हा शब्द येथे कळीचा आहे. पेन्सिल्व्हेनियातील क्वीक्रीक खाणीत जुलै २००२ मध्ये नऊ कामगार अशाच रीतीने अडकले. शेजारची जुनी खाण सुमारे ९० मीटर दूर आहे, असे त्यांच्या नकाशावरून समजले जात होते; प्रत्यक्षात ती लगतच होती. जुन्या खाणीच्या शेवटच्या काळात जे खणले गेले, ते उपलब्ध नकाशावर आलेच नव्हते. नऊही जण तीन दिवसांनंतर वाचले, ही भाग्याची गोष्ट. चूक कामाची नव्हती, नोंदीची होती.

या संदर्भात आपल्याच जिल्ह्याशी निगडित असलेल्या एका प्राचीन कथेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मुनी कनकामर यांनी अकराव्या शतकात अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ रचले, डॉ. हिरालाल जैन यांनी ते १९३४ मध्ये संपादून कारंजा येथील ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. त्यातील तेरापुर म्हणजे आपले तेर, आणि त्यात वर्णिलेले लेणे धाराशिवच्या डोंगरातील होय, असे संपादकांनी दाखविले आहे. राजा करकंड त्या लेण्यात जातो. जिनमूर्तीच्या आसनावर दगडाची एक विजोड गाठ त्यास दिसते. वृद्ध कारागीर सांगतो की लेणे खोदताना येथे पाण्याची धार फुटली होती, ती रोखण्यासाठी ही गाठ बसविली आहे. राजाला कुतूहल आवरत नाही. तो गाठ फोडवितो, आणि पाणी उसळून लेणे भरते. राजा पश्चात्ताप करतो.

कथेचा ऐतिहासिक प्रामाण्याशी येथे संबंध नाही. परंतु भूमीखाली काम केलेल्या माणसांचे ज्ञान तीत अचूक उतरले आहे. आधीच्या खोदणाऱ्याने पाणी कोठे कोंडले, हे नव्या येणाऱ्यास दिसत नाही. ते जाणणारा एक म्हातारा कारागीर असतो. आणि त्याचे ऐकले जात नाही. न्यूटन चिखलीत वा चासनाल्यात तो म्हातारा कारागीर म्हणजे जुना नकाशा.

नोंदीची भाषा

खाण सोडताना तिचा नकाशा सरकारजमा करावा, असे इंग्लंडच्या कायद्याने १८७२ मध्ये सांगितले. भारतातही खाण सोडताना तिचे नकाशे खाण-सुरक्षा खात्याकडे देणे नियमाने आवश्यक आहे, आणि जुन्या कामापासून ६० मीटरांच्या आत येण्यापूर्वी परवानगी घेऊन व पुढे छिद्रे पाडून खात्री करून घ्यावी लागते. २००९ पासून खाण बंद करण्याचा आराखडाही आधीच करावा लागतो. नियम उत्तम आहेत. परंतु ते नकाशा बरोबर असल्याचे गृहीत धरतात. साठ मीटर कोठून मोजावयाचे, हेच जर चुकले तर नियम काय करणार?

जुन्या नकाशांत चूक शिरण्याचे मार्ग अनेक आहेत. मोजणी फुटांत आणि आजची मीटरांत. उत्तर दिशा चुंबकसूचीची आणि ती दशकागणिक सरकणारी. खुणेचे झाड वा विहीर आज नाहीशी झालेली. मालक जाण्यापूर्वीच्या अखेरच्या महिन्यांत खांब घाईने काढले जातात आणि मोजणी मागे राहते. हे सर्व सर्वेक्षकांचे क्षेत्र. परंतु दोन गोष्टी निश्चितपणे भाषेच्या अभ्यासकाच्या आहेत.

पहिली परिभाषेची. मराठीत आपण ‘बंद खाण’ हा एकच शब्द वापरतो. त्यात काम तात्पुरते थांबलेली खाण येते, कायमची सोडलेली येते, आगीमुळे भिंती बांधून कोंडलेली येते, आणि पाण्याने भरलेलीही येते. या चारही अवस्थांत धोका निराळा, आणि वर राहणाऱ्याने घ्यावयाची काळजी निराळी. ‘खाण बंद आहे’ हे वाक्य ग्रामसभेत ऐकणाऱ्यास ‘आता भय नाही’ असे वाटते. सांगणाऱ्याचा अर्थ कदाचित उलटच असतो. थांबलेली, सोडलेली, कोंडलेली व जलमग्न असे चार शब्द शासकीय मराठीत काटेकोरपणे वापरले, तर त्यास खर्च येणार नाही. त्याचप्रमाणे ‘विझलेली’ व ‘निवलेली’ हा बोलीतील भेद परिभाषेत जपावा. झरिया-राणीगंजकडे चानक, चाल, सिरदार, मालकट्टा असा खाणकामगारांचा स्वतंत्र शब्दसंग्रह घडला. वर्धा खोऱ्यात तेलुगू, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी व मराठी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकत्र खाणीत उतरले. त्यांच्या संमिश्र शब्दांचा पद्धतशीर संग्रह होणे अगत्याचे आहे. तो केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. धोक्याची सूचना ज्या शब्दाने तत्काळ कळते, तोच शब्द फलकावर असावा.

दुसरी गोष्ट लिपीची व स्मृतीची. हैदराबाद संस्थानाचा कारभार १८८४ पासून उर्दूत चालत असे; गावपातळीवर मोडीही होती. राजुरा भागातील जमिनीचे जुने व्यवहार, खाणीसाठी घेतलेल्या जमिनींची वर्णने व त्यांच्या चतुःसीमा या भाषांत असण्याचा संभव आहे. धाराशिवचे आपले जुने महसुली कागदही त्याच वळणाचे असल्याने, मोडी व उर्दू कागद वाचण्याचे शिक्षण आपल्या विद्यार्थ्यांस येथेच मिळू शकते. हे शिक्षण बहुधा इतिहासाच्या वा साहित्याच्या प्रबंधासाठी वापरले जाते. त्याचा उपयोग एखाद्या वस्तीखालील पोकळी शोधण्यास होऊ शकेल, हे आपल्या ध्यानात क्वचितच येते. तसेच, जुन्या खाणीत उतरलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. कोणते तोंड कोठे होते, कोणत्या भागात ऊब लागत असे, कोठे भिंत बांधली, हे त्यांस ठाऊक असते. पण ते त्यांच्या शब्दांत, त्यांच्या खुणांनी ठाऊक असते. ते तसेच टिपून घेणे, आणि नंतर सर्वेक्षकास कळेल अशा भाषेत मांडणे, हे क्षेत्रीय भाषाशास्त्राचे नित्याचे काम होय.

समारोप

तात्पर्य असे की भूगर्भातील आग ही हवा, उष्णता व काळ यांच्या योगाने घडते, आणि या तिहींना वाट करून देणारी पोकळी माणसाने निर्माण केलेली असते. पोकळी टाळता येत नसेल, तर तिची नोंद तरी टाळू नये. मराठीतील ‘भुयार’ हा शब्द ‘भूमिगृह’ या संस्कृत शब्दाचा आणि ‘लेणे’ हा ‘लयन’ या शब्दाचा वंशज आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी राहण्याची, विसाव्याची कल्पना आहे. धाराशिवची लेणी खोदणाऱ्यांनी डोंगराच्या पोटात घर पाहिले. कोळशाच्या खाणीत तसे घर कोणी पाहिले नाही, म्हणून सोडताना मागे वळूनही पाहिले नाही. आज तिच्यावर मात्र घरे उभी आहेत.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी वर्धा खोऱ्यातील खाणकामगारांच्या शब्दांचा व आठवणींचा संग्रह हा एका लहान प्रबंधाचा विषय म्हणून विचारात घ्यावा, एवढी सूचना करून हे विवेचन पुरे करतो. कनकामराच्या कथेतील वृद्ध कारागिरास विचारणारा राजा तरी होता. आपले वृद्ध कारागीर अद्याप आहेत. त्यांस विचारावयाचे तेवढे राहिले आहे.